शालनचा फोटो

फोटो कसा धरायचा यावरून एस.टी. सुटायच्या आधीच आमचं वाजलं.

"काच तुमच्याकडं करा," शालन म्हणाली.

"काच माझ्याकडं केली की मागचे खिळे बाहेर येतात. आत्ताच त्या म्हाताऱ्याचं धोतर अडकलं."

"मग सीटखाली ठेवा."

"फुटंल."

"फुटू दे."

मी खांद्यावरच्या टॉवेलाची घडी करून पोटावर ठेवली, खिळ्यांची बाजू तिला टेकवली आणि काच पुढं करून फोटो मांडीवर उभा धरला. शालननं पदर कपाळापर्यंत ओढला आणि खिडकीकडं तोंड केलं.

आटपाडीहून मिरजेला जाणारी ती सकाळची गाडी होती. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. फोटो शालनचाच होता. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा खरसुंडीच्या यात्रेला गेलो, तेव्हा तिथल्या तंबूतल्या फोटोवाल्यानं काढलेला. तिनं वेणी पुढं घेतली होती आणि ती मांडीपर्यंत आली होती. तिच्या भावानं तो फोटो हौसेनं मोठा करून, चौकट करून दिला. पुढं भिंतीची ओल लागून फोटो काचेला चिकटला. सोडवायला गेलो तर फाटला असता. म्हणून चौकटीसकट न्यायचा ठरला.

न्यायचा होता मिरजेच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला. आधीच्या आठवड्यात आम्ही त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो होतो. मुजावर आडनावाच्या, वयानं लहान बाई. त्यांनी शालनला बराच वेळ नुसतं बघितलं आणि विचारलं, "आधी तुम्ही कशा दिसत होतात?"

"बरी होते," शालन म्हणाली.

"फोटो आहे का एखादा?"

"आहे घरात. कशाला पाहिजे?"

"घेऊन या. मग बोलू."

मला ते पटलं होतं. माझं मोटारी रिवायंडिंगचं दुकान. जळालेली मोटार आली की आम्ही जुनं वायंडिंग तोडायच्या आधी नीट बघून घेतो, कसं होतं, किती होतं. ते न बघता तोडलं की नंतर कितीही तार भरा, मोटार पहिल्यासारखी फिरत नाही. पण शालनला ते पटलं नव्हतं. निघायच्या आदल्या दिवशी तिनं चुलीपुढं बसून मला बजावलं होतं.

"एवढ्या एका खेपेला येते. ह्या बाईनं पण 'कमी खा' म्हणून सांगितलं, तर तिथनं परत. पुन्हा दवाखान्याचं नाव काढायचं नाही. मी अशीच राहीन आणि अशीच मरीन."

ती बोलली म्हणजे तसंच करणार, हे मला माहीत होतं.

दोन वर्षं हे चाललं होतं. आधी तिचं तोंड सुजल्यासारखं गोल झालं. गाल लाल, डोळे आत गेले. मानेच्या मागं मांसाचा गोळा आला. पोट वाढलं आणि हातपाय मात्र काडीसारखे झाले. खाली बसली की उठताना जमिनीला हात लावायची, मग दाराच्या चौकटीला धरायची, मग मला हाक मारायची. कुठं जरा धक्का लागला की अंगावर काळंनिळं उमटायचं. ते बघून गल्लीतल्या बायका माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागल्या. एकीनं तर तिला हळूच विचारलं, "मारतो का गं?"

त्यावर शालन म्हणाली होती, "मारायला जवळ तरी यायला पाहिजे की माणूस."

तिनं चेष्टेत म्हटलं होतं. बायका हसल्या. मी दारात होतो, मला हसू आलं नाही.

आणि केस. आधी फणीत यायचे, मग उशीवर, मग मोरीच्या भोकात. माझ्या शर्टाच्या गुंडीत अडकलेला केस दुकानात सापडायचा. तांब्याच्या तारेत काम करणारा माणूस मी, बारीक वस्तू बोटाला लगेच कळते. तिचा केस पूर्वी तारेसारखा ताठ लागायचा. आता तो बोटाला लागायचाच नाही. तिच्या डोक्यावर पुढून पार विरळ झालं, मधली कातडी दिसायला लागली. आणि डोक्यावरचे जात असताना हनुवटीवर मात्र लव यायला लागली. ती पहाटे उठून, मी झोपलोय असं समजून, आरशापुढं ती उपटायची.

गुंता ती देवळीत ठेवायची. आमच्याकडं केसांवर भांडी देणाऱ्या बायका येतात, सगळ्याच घरात असा गुंता साठवलेला असतो. पूर्वी वर्षभर साठवून एक चमचा नाहीतर वाटी मिळायची. त्या वर्षी तिला स्टीलचं पातेलं मिळालं. भांडीवालीनं विचारलं म्हणे, "घरात किती बायका हायसा?"

शालननं मला पातेलं दाखवलं. "बघा, दूध तापवायला झालं," म्हणाली आणि आत गेली.

डॉक्टर केले नाहीत असं नाही. एक म्हणाला वजन कमी करा, एक म्हणाला टेन्शन घेऊ नका, एकानं तेल दिलं. ती अर्ध्या भाकरीवर आली तरी तोंड गोलच. तिच्या भाच्याच्या लग्नात सख्ख्या मावशीनं तिच्याकडं बघून मला विचारलं, "ह्या कोण? शालन नाही आली?" शालन तिथंच उभी होती. त्यानंतर ती कुठल्या लग्नाला गेली नाही. आमची सुजाता तेव्हा शाळेत होती. पालकांच्या सभेला मीच जायचो.

एक मात्र बदललं नव्हतं. तिचा आवाज. दुकानातून आलो की मी दारातूनच हाक मारायचो, "शालन!" आणि आतून "आले" ऐकू आलं की मग चप्पल काढायचो.

तर त्या दिवशी गाडीत आम्ही असे बसलो होतो. शालन खिडकीला, मी मध्ये, मांडीवर फोटो, आणि माझ्या या बाजूची जागा रिकामी. भिवघाटात गाडी थांबली आणि एक बाई चढली. पन्नाशीची, काळीसावळी, अंगानं दणकट. एका हातात मोठं गाठोडं, दुसऱ्या हातात दोरीत ओवलेली स्टीलची भांडी. ती येताना सगळी गाडी वाजली.

"भांडी वर ठेव," कंडक्टर म्हणाला.

"वर ठेवू आन तुझ्या टकुऱ्यात पडू देत व्हय? पायाशी ठेवते." ती माझ्या शेजारी बसली, गाठोडं मांडीवर घेतलं, आणि मग तिचं लक्ष फोटोकडं गेलं.

तिनं लगेच डोक्यावर पदर घेतला. दोन्ही हात जोडले. मग अंबाड्यातलं पिवळं शेवंतीचं फूल काढलं आणि माझ्या मांडीवरच्या चौकटीवर, वरच्या पट्टीत, खोचलं.

आमच्याकडं एकट्या माणसाचा मोठा फोटो चौकटीत घालून कोणी घेऊन निघालं, तर त्याचा एकच अर्थ असतो. तिचं काही चुकलं नव्हतं.

"कोन वं दादा तुमची?" तिनं बारीक आवाजात विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत खिडकीकडून आवाज आला.

"बायको. ह्यांची पहिली बायको."

मी शालनकडं बघितलं. ती बाहेरच बघत होती.

"आन तू?"

"मी दुसरी."

"आगं बाई." त्या बाईनं माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "आन दुसरीला शेजारी बसवून पयलीचा फोटू मांडीव घिऊन निघालायसा? धन्य हाय तुमची. काय गं, तुला राग येत न्हाई?"

"येतो की. पण काय करणार. हे हिलाच बघत बसतात."

"शालन," मी म्हणालो.

"गप्प बसा. बाई बोलत्यात नव्हं."

त्या बाईला आता बोलायला विषय मिळाला. तिनं फोटो आपल्याकडं जरा वळवून घेतला. "देखनी व्हती. नाक बघ कसं. आन वेनी! आता अशी वेनी कुटं ऱ्हायलीया? मी केसांवर भांडी देती, गावोगाव फिरती. मला इचार. आता पोरींच्या डोसक्यावर मूठभर बी न्हाईत." मग तिला वाटलं असावं की दुसरीचं मन दुखावलं. "तू बी काय वाईट न्हाईस हां. भरल्या घरची दिसतीस."

"व्हय," शालन म्हणाली. "खाऊन खाऊन झाले अशी. सगळे तेच म्हणतात."

"काय झालं व्हतं हिला? कशानं गेली?"

मला वाटलं आता शालन हसेल आणि सांगून टाकेल. इतक्या दिवसांत तिनं असली चेष्टा केली नव्हती, मला मनातून बरंच वाटत होतं. पण ती हसली नाही. खिडकीच्या गजाला धरून ती म्हणाली,

"केस गळाले."

"केस गळून मानूस मरतंय व्हय?"

"हळूहळू मरतंय. आधी केस गेले. मग तोंड गेलं. मग हातातलं बळ गेलं. मग तिला कोण ओळखंना. मग एक दिवस बघितलं तर ती नव्हतीच."

भांडीवालीनं गाठोडं पोटाशी ओढून घेतलं. मी फोटो दोन्ही हातांनी धरून बसलो. गाडी तासगावकडं निघाली होती, दोन्ही बाजूला द्राक्षाचे मळे लागले होते. शालननं हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला मधे बसवून, एका परक्या बाईला तिनं ते सांगितलं.

मग पुढं रस्त्यात मेंढरांचा कळप आला आणि ड्रायव्हरनं जोरात ब्रेक दाबला. सगळे पुढं गेले. मी फोटो वाचवायला दोन्ही हात त्याच्यावर घातले. शालननं पुढच्या दांडीला धरलं होतं, पण तिच्या दंडात जोर कुठला? तिचा हात सुटला आणि ती पुढच्या सीटवर आदळणार, तेवढ्यात भांडीवालीनं माझ्यापुढून हात लांब करून तिचा दंड पकडला.

शालनचा पदर खांद्यावर पडला.

ऊन बरोबर तिच्या डोक्यावर होतं. पुढची सगळी कातडी, त्याच्यावर चारदोन केस, मागं करंगळीएवढा बुचडा. शालन पदर शोधायला लागली, पण एक हात त्या बाईनं धरलेला होता आणि दुसऱ्यानं ती सीटला धरून होती.

ती बाई हात सोडेना. ती शालनच्या तोंडाकडं बघत होती. मग फोटोकडं बघितलं. मग परत शालनच्या हनुवटीकडं.

शालनच्या हनुवटीवर गोंदण आहे. तीन ठिपके. लहानपणी गोंदताना तिनं मान हलवली म्हणून तिसरा ठिपका खाली घसरलेला आहे. फोटोत तो दिसतो. फोटोवाल्यानं तो पुसू का म्हणून विचारलं होतं, तिनं नको सांगितलं होतं.

"आगं," ती बाई म्हणाली. "आगं, ही तूच की."

शालननं खिडकीकडं तोंड फिरवलं.

"तूच हायस की गं ही. नाक बी तुजंच हाय. मगाधरनं मला सवत सांगतीस व्हय?" आणि एकदम तिनं आपल्याच तोंडात मारून घेतलं. "आगाई गं! जित्या मानसाला फूल वाह्यलं मी!"

तिनं चौकटीवरचं फूल काढून घेतलं. शालनच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मग माझ्याकडं वळली. "आन तुमी वं दादा? बायकू शेजारी जित्ती बसलीया आन तुमी तिचा फोटू मिरवताय?"

"डॉक्टरला दाखवायला चाललोय," मी म्हणालो. "ती आधी कशी होती ते."

"मग तसं सांगाय नको मला?"

"तुम्ही बोलू कुठं दिलं?"

पुढच्या सीटवरची दोघंतिघं हसली. शालनचा खालचा ओठ हलायला लागला होता. मला वाटलं तीही हसतेय. पण ती रडत होती. दोन वर्षांत मी तिला रडताना बघितलं नव्हतं. मावशीनं ओळखलं नाही तेव्हाही ती रडली नव्हती.

"रडू नगं," ती बाई म्हणाली. "इकडं ये." मला तिनं मागं रेलायला लावलं आणि माझ्या पुढून शालनच्या डोक्याला हात घातला. फूल बुचड्यात राहीना. घसरून खाली आलं. मग तिनं स्वतःच्या अंबाड्यातला आकडा काढला आणि शालनच्या कानावर जे थोडे केस होते, त्यांत फूल धरून आकडा बसवला. "हं. आता बरोबर जाग्यावर गेलं. काय नाव तुजं?"

"शालन."

"मी तायव्वा. मिरजंला उतरून त्या डागदराला सांग, म्हनावं हिथं एक बाई व्हती ती हुडकून दे."

शालननं पदर डोक्यावर घेतला, पण कान उघडा ठेवला.

मिरज स्टँडवर तायव्वा भांडी वाजवत उतरली आणि गर्दीत गेली. ती आम्हाला पुन्हा कधी भेटली नाही. मी कितीदा तरी भिवघाटात डोकावून बघितलं.

डॉक्टरीणबाईंनी फोटो टेबलावर उभा केला आणि शालनला त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं. मग त्या लांब जाऊन उभ्या राहिल्या. एकदा इकडं, एकदा तिकडं बघत राहिल्या.

"हाताचा आधार न घेता उठा बरं."

शालननं प्रयत्न केला. ती अर्ध्यावर गेली आणि परत बसली.

"असू दे. पोटावर रेघा आहेत? जांभळ्या?"

"आहेत," शालन म्हणाली. मला हेही माहीत नव्हतं.

बाईंनी पडद्याआड नेऊन तिला तपासलं. बाहेर आल्यावर त्या खुर्चीत बसल्या, तेव्हा शालन माझ्याकडं न बघता त्यांना म्हणाली, "सांगा. किती भाकरी खायची?"

"पोटभर खा. तुमच्या खाण्याचा काही दोष नाही."

शालननं माझ्याकडं बघितलं. मग परत त्यांच्याकडं.

"मला एका आजाराचा संशय आहे. खात्री तपासण्या झाल्यावर होईल," बाई म्हणाल्या. "आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. तिथून एक द्रव्य रक्तात सुटतं, त्याला कॉर्टिसॉल म्हणतात. ते प्रत्येकाला लागतंच. पण ते गरजेपेक्षा जास्त, दिवसरात्र सुटत राहिलं की असं होतं. चरबी तोंडावर, मानेवर, पोटावर जमते. दंडामांड्या वाळतात. कातडी पातळ होते, म्हणून जरा लागलं की रक्त साकळतं."

"आणि केस?"

"केसांची मुळं वाढायचं काम सोडून देतात. वेळेआधीच विश्रांतीला जातात आणि केस गळतो. आणि ग्रंथी बिघडली की नको ते द्रव्यही वाढतं, त्यानं हनुवटीवर केस येतात."

मला एवढंच कळलं की मोटारीला सारखा जादा दाब मिळतोय आणि आतली तार जळतेय. मी तसं विचारलं. बाई हसल्या. म्हणाल्या, "साधारण तसंच. दाब कुठून वाढतोय ते शोधायचं. कुठंतरी लहानशी गाठ असू शकते."

"ती काढली की केस येतील?" शालननं विचारलं.

"बहुतेक येतील. पण सावकाश. आणि खोटं सांगत नाही, आधी आणखी गळतील. शरीराला ह्या जास्तीच्या द्रव्याची सवय झालेली असते. ते एकदम कमी झालं की केसांना पुन्हा धक्का बसतो. त्या वेळी घाबरायचं नाही."

"गळू देत. राहिलेत किती?" शालन म्हणाली. मग जरा थांबून, "तोंड?"

"तेही उतरेल." बाईंनी त्या वेळी पहिल्यांदा तिच्या कानाकडं बघितलं. "फूल छान आहे. एक काम करा. समोरच्या स्टुडिओत जाऊन आजचाही फोटो काढून घ्या. एक प्रत मला हवी, एक तुम्ही ठेवा. पुढं दोन्ही शेजारी ठेवून बघू."

आजारी पडल्यापासून तिनं फोटो काढू दिला नव्हता. मतदानाच्या ओळखपत्रासाठी बोलावलं तेव्हाही गेली नव्हती. मला वाटलं इथं ती उठून चालायला लागणार. ती उठली, टेबलाला धरून, आणि म्हणाली, "चला."

स्टुडिओवाला तरुण होता. त्यानं तिला बसवलं, पदर मागं घ्यायला सांगितलं आणि म्हणाला, "फूल काढा ताई. कागदपत्रांना चालत नाही."

"हा कागदपत्रांचा नाही," शालन म्हणाली. "काढा असाच."

त्यानंतरचं थोडक्यात सांगतो. तपासण्यांना आम्ही मिरजेतच राहिलो. दिवसभराची लघवी कॅनमध्ये साठवून द्यायची होती. तो कॅन टॉवेलात गुंडाळून मी लॉजवरून दवाखान्यात नेला, तर शालन मागून म्हणाली, "ह्याच्यापेक्षा फोटो बरा होता." गाठ डाव्या बाजूच्या ग्रंथीत सापडली, साधी होती. सांगलीला ऑपरेशन झालं. नंतर कित्येक महिने तिला गोळ्या होत्या, सांधे दुखायचे, पडून असायची. आणि बाईंनी सांगितलं होतं तसं उरलेसुरले केसही गळाले. ती हाताला आलेला पुंजका मला दाखवायची आणि म्हणायची, "बाईंनी सांगितलंय, घाबरायचं नाही." मग एके दिवशी मी तिच्या डोक्याला तेल लावत होतो, तर तळव्याला काहीतरी टोचलं. बाळाच्या जावळासारखं नव्हे, ताठ, तारेच्या टोकासारखं. मी तिचा हात धरून तिच्याच डोक्यावर ठेवला. तिनं बराच वेळ तो तिथंच ठेवला.

वेणी पहिल्यासारखी झाली नाही. खांद्याच्या जरा खाली आली. तोंड उतरलं, पोट उतरलं, भाकरी पुरी खायला लागली. पुढं एका यात्रेत खरसुंडीला मावशी भेटली आणि तिनं लांबूनच "शालन!" म्हणून हाक मारली. शालन मला म्हणाली, "आता हिला विचारू का, ह्या कोण म्हणून?" विचारलं नाही, पण दिवसभर तिला त्याचं हसू येत होतं.

सुजाताचं लग्न झालं. नातू झाला. आणि गेल्या वर्षीच्या माघात, साध्या तापाचं निमित्त होऊन, शालन गेली. त्या जुन्या आजाराचा त्याच्याशी संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले.

मी आता एकटाच असतो. दुकान दुसऱ्याला चालवायला दिलंय, तरी संध्याकाळपर्यंत तिथंच बसतो. येताना दारातून हाक मारायची सवय गेलेली नाही. हाक मारतो आणि चप्पल पायात तशीच ठेवून थोडा वेळ उभा राहतो. मग आत जातो, पातेल्यात दूध तापवतो.

वर्षश्राद्धाला सुजाता आली होती. तिनं खरसुंडीचा फोटो भिंतीवरून उतरवला, काच पुसली आणि पिशवीतनं चंदनाचा हार काढला.

"त्याला घालू नको," मी म्हणालो.

"का अप्पा?"

"ह्या फोटोला एकदा फूल वाहून झालंय. तेव्हा तुझी आई शेजारी बसलेली होती. तिला नव्हतं आवडलं."

तिला काही कळलं नाही. मी पेटीतून दुसरा फोटो काढला, स्टुडिओतला. सुजातानं तो हातात घेतला आणि तिचं तोंड उतरलं.

"हा नको. अप्पा, आई अशी नव्हती."

"होती. दोन वर्षं होती."

"पण लोक काय म्हणतील? ही आई वाटतच नाही. कोणी ओळखायचं नाही."

"तेव्हाही ओळखत नव्हते," मी म्हणालो. "जरा नीट बघ. हनुवटी बघ."

ती खिडकीशी गेली. फोटो उजेडात धरून तिनं बोटानं तिसरा ठिपका शोधला.

मग तिनं तो फोटो भिंतीवर लावला, खालच्या खिळ्याला, खुर्चीत बसल्यावर माझ्या नजरेसमोर येईल असा. आणि हार पुढं केला.

"ह्याला तरी घालू का?"

"नको," मी म्हणालो. "फूल आहे की तिच्या कानावर."